मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकचा पंप जाम झालाय, साफ कसा करू? वेव्हमेकरवर झोआ पण उगवलेत

नमस्कार मंडळी, वाघोलीला राहतो, घरी अडीच वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक आहे, २०० लिटरच्या आसपास, खाली सम्प (फिल्टरची टाकी). दोन क्लाऊन, एक गोबी, लाईव्ह रॉक आणि थोडे झोआ (फुलांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ), बास. (दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्यात येतात, ते माझ्याकडे नाहीत, त्यावरून वाद नको.)

तर रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर टँकमध्ये ढकलणारा) महिनाभर घरघर करतोय, धार निम्म्यावर आलीय, आणि परवा लाईट गेली नि आली तर पंप सुरूच होईना, प्लग काढून बोटाने इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) ढकलला तेव्हा कुठे फिरला. उघडून बघितलं तर आत पांढरा दगड, अगदी बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जमतो तसा. चूक माझीच असणार, पीएच कमी दिसतोय म्हणून खायचा सोडा टाकत गेलो आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) १४ वर गेला. आता बायको म्हणते लिंबूसत्त्वात भिजव, शेजारचे काका संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली घेऊन दारात उभे, आणि मला भीती की जे वापरीन त्याचा अंश टँकमध्ये जाऊन मासे जायचे. काय वापरू, किती वेळ?

दुसरं म्हणजे वेव्हमेकरच्या (टँकमध्ये लाटा करणारा छोटा पंप) जाळीवर झोआ पसरलेत. गणपतीच्या आधी एकदा ती जाळी बादलीत ठेवून उकळतं पाणी ओतलं आणि बाथरूमचं दार लावून जुन्या टूथब्रशने घासली होती. त्याच रात्री तोंडात नाणं चघळल्यासारखी चव, थंडी, खोकला, १०१ ताप. डॉक्टर व्हायरल म्हणाले, दोन दिवसांत बरा झालो. आता परत तेच करायचंय म्हणून आधी विचारतोय, ब्रश बदलू का?

प्रतिसाद १:
अहो ब्रशचं सोडा, आधी ते गरम पाणी थांबवा!! तुम्ही सांगताय ती लक्षणं व्हायरलपेक्षा पॅलिटॉक्सिनची वाटतात मला. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ जातीत, हे विष असतं आणि कुठल्यात आहे ते नुसतं बघून कळत नाही. उकळून ते मरत नाही, उलट वाफेबरोबर आणि घासताना उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातं. दगड उकळून घरादारासकट हॉस्पिटलात गेलेले लोक आहेत या छंदात. डोळ्यात गेलं तर डोळ्याचंही अवघड होतं.

माझं ऐकाल तर जाळी घासूच नका, नवीन घ्या. जुनी काढताना नायट्राईलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, हाताला कापलेलं असेल तर दुसऱ्याला सांगा. टँकमधून सरळ बादलीत, त्यात एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, बाल्कनीत अर्धा तास, आणि मग कचऱ्यात. परत तसं काही झालं तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की झोआ हाताळले होते, त्यांना कसं कळणार बिचाऱ्यांना. आणि ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर, लिंबूसत्त्व काहीही पडता कामा नये, क्लोरीन वायू होतो.

प्रतिसाद २:
पंपाचं सांगतो. वहिनी बरोबर, काकांना चहा पाजून परत पाठवा. ते अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, धूर वेगळा, वर रंग आणि साबण वेगळा. साधं पांढरं व्हिनेगर अर्धं आणि पाणी अर्धं, नाहीतर लिंबूसत्त्व लिटरला ५०-६० ग्रॅम. पंपावर झोआ नाहीत ना ते आधी बघा. मग पंप वेगळ्या बादलीत त्या पाण्यात पूर्ण बुडवून तासभर चालू ठेवा, फसफस थांबली की चुना संपला. फिरतच नसेल तर सुटे भाग करून रात्रभर भिजवा. शाफ्ट (इम्पेलर ज्यावर फिरतो तो दांडा) सिरॅमिकचा असतो, वाकडा ओढलात की तुटलाच, इम्पेलर सरळ बाहेर काढा. नंतर साध्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, पाणी बदलून परत एकदा, मग टँकमध्ये, एवढं केलं की माशांना काही होत नाही. साबण अजिबात नको.

इम्पेलरच्या चुंबकावरचं कोटिंग मात्र नीट बघा. तडा किंवा फुगवटा असेल तर इम्पेलर बदलायचाच, आतलं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. सोडा बंद करा, पाणी बदलत केएच ८-९ वर हळूहळू येऊ द्या, एका दिवसात नको. पंप बाहेर असेपर्यंत एअर पंप चालू ठेवा. आणि टँकच्या लाईनला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर या सगळ्याच्या आधी तो बसवून घ्या, खाऱ्या पाण्यात हात घालतो आपण.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, पॅलिटॉक्सिनचं वाचून घाम फुटला राव, घरात चार वर्षांची मुलगी आहे. पंप लिंबूसत्त्वात ठेवला, सोडा वॉटर उघडल्यासारखा फसफसला, तासाभरात शाफ्ट पांढराशुभ्र. पण चुंबकावर खरंच केसाएवढी तडा आणि कडेला तांबडी रेघ, नवीन इम्पेलर मागवलाय, तोवर एअर पंपावर भागवतोय. जाळी बाल्कनीत ब्लीचमध्ये आहे, दार लावून घेतलंय. एकच राहिलं, गणपतीतला तो टूथब्रश अजून बेसिनखाली पडलाय, बायको त्याने नळाच्या कडा घासते असं आत्ता कळलं.

प्रतिसाद १:
मोजे घालून उचला आणि त्याच ब्लीचच्या बादलीत टाका. आत्ता.