सॉफ्टवेअरला आषाढी कशी समजवायची?

वाणसामान_लालबाग:
मंडळी, आमची किराणा मालाची तीन दुकानं आहेत: लालबाग, गिरगाव, मुलुंड. गोदाम भिवंडीला. जानेवारीपासून ऑर्डरचं काम सॉफ्टवेअरवर टाकलं. डाळी, तेल, साबण यांत खरंच डोक्याचा ताप गेला. घोळ सणांच्या मालाचा आहे.

गेल्या वर्षी आषाढी ६ जुलैला होती, यंदा २५ जुलैला. सॉफ्टवेअरने गेल्या वर्षीचा आठवडा बघून जूनअखेरीला तिन्ही दुकानांत साबुदाणा उतरवला. लालबागच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सासरे म्हणाले, 'दमट हवेत गोळे होतील', म्हणून अर्ध्या गोण्या व्यापाऱ्याला परत केल्या. दोन आठवडे खप नाही हे बघून सॉफ्टवेअरनेही हात आखडता घेतला. २३ तारखेला संध्याकाळी लालबागला साबुदाणा संपला. २४ला दिवसभर गिऱ्हाईक परत पाठवत होते. सासरे काउंटरवर कालनिर्णय ठेवून गप्प बसलेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता भीती गणपतीची. गेल्या वर्षी २७ ऑगस्ट, यंदा १४ सप्टेंबर. मोदकाचं पीठ लवकर येऊन पडलं तर जाळी धरेल. सणांच्या मालापुरतं सॉफ्टवेअर बंद करू का?

एक्सेलवाला_ऐरोली:
बंद नका करू ताई. मी याच कामात आहे. सॉफ्टवेअर तारखेला तारीख जोडतंय, तुम्ही तिथीला तिथी जोडून द्या. एक शीट करा: सण, गेल्या वर्षीची तारीख, यंदाची तारीख. मग विक्री 'सणाच्या आधी किती दिवस' अशी मांडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'इव्हेंट' टाकायची सोय असते, तिथे ही शीट चढवा.

आणि २४ तारीख आधी दुरुस्त करा. माल नव्हता म्हणून विक्री शून्य, पण सॉफ्टवेअर समजतं मागणीच नव्हती. त्या दिवसावर 'माल संपला' अशी खूण केली नाहीत तर पुढच्या आषाढीला ते आणखी कमी मागवेल.

भिवंडी_गोदाम:
वरचं बरोबर आहे. माझी भर टेम्पोची. तुमच्याकडे माल पोचायला किती दिवस लावलेत? दोन असतील तर गणपतीच्या आठवड्यात लालबागसाठी चार करा. त्या गर्दीत टेम्पो आत शिरतो का? आमची पोरं परळला गाडी लावून हातगाडीवर माल नेतात, तोही पहाटे.

बाकी रोजचा माल आपोआप जाऊ दे. सणाच्या पंचवीस-तीस वस्तूंची ऑर्डर मात्र माणसाने बघितल्याशिवाय सुटता कामा नये.

सुगरण_गिरगाव:
यंदा अधिक ज्येष्ठ होता ना, मे-जूनमध्ये अनारशाचं पीठ किती खपलं बघा. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून आमच्या चाळीत एकेकीने दोन-दोन किलो नेलं. पुढच्या मे महिन्यात तुमचं सॉफ्टवेअर तेवढंच मागवून बसेल. पुढचा अधिक थेट २०२९ मध्ये आहे, हो!

वाणसामान_लालबाग:
अगं बाई, अनारसे डोक्यातच नव्हते! आत्ता बघितलं, त्या महिन्याचा खप सरळ नेहमीच्या सरासरीत मिसळलाय. वेगळा काढते.

२४ तारखेवर खूण केली. टेम्पोचे लालबागला चार दिवस केले. शीटसाठी सासऱ्यांना शेजारी बसवलं. ते महिनावार तिथी सांगत गेले, मी टाइप करत गेले. संकष्टीसुद्धा टाका म्हणाले, कारण दर संकष्टीला साबुदाणा थोडा उचल खातोच. मागचे आकडे काढले तर दर महिन्याला ती टेकडी दिसते, फक्त तारीख बदलती म्हणून सॉफ्टवेअरला कधी कळली नव्हती.

मोदकाच्या पिठाची पहिली ऑर्डर आता ऑगस्टच्या मध्याऐवजी ३ सप्टेंबरला पडतेय. सासऱ्यांनी त्यांच्या वहीत तीही लिहून घेतली. एक्सेलवाले दादा, संकष्टी प्रत्येक दुकानाला वेगळी टाकू की एकच? मुलुंडला ती टेकडी जेमतेम आहे.

एक्सेलवाला_ऐरोली:
तारीख एकच, वाढ दुकानागणिक वेगळी. मुलुंडला आधी शून्य ठेवून दोन महिने बघा.