दोन सीटर देऊन मस्टँग घ्यावी का? गाडीच्या बदल्यात गाडी दिलेल्यांनो, अनुभव सांगा

काल संध्याकाळी लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबले होते. शेजारी मरून रंगाची एक कॉन्टेसा येऊन उभी राहिली. बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागे नवरा-नवरी. सिग्नल सुटला तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना.

काकांकडे अशीच होती. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. त्यानंतर रविवारी काका मला आणि आईला त्या गाडीत बसवून रामटेकला न्यायचे. मी पुढे, मांडीवर डबा. 2003 मध्ये त्यांनी ती एका डिझेल गाडीच्या बदल्यात दिली आणि त्या रात्री जेवले नाहीत. पुढे कित्येक वर्षं घरात तिचं नाव कोणी काढलं नाही.

आता माझं. माझ्याकडे 2011 ची जर्मन दोन सीटर आहे, छत उघडणारी, तीन लिटर, सहा सिलिंडर, टर्बो. क्लिनिकचं कर्ज फिटलं त्या वर्षी, 2019 मध्ये, सेकंड हँड घेतली. आठवड्यातून दोनदा पहाटे अमरावती रोडनं बाजारगावपर्यंत जाऊन येते. रस्त्यावरचा खडासुद्धा स्टिअरिंगमधून हाताला कळतो. ती पहाटेची शांतता नसती तर कोविडची दोन वर्षं मी काढू शकले नसते.

रायपूरचे एक गृहस्थ त्यांची 2017 ची मस्टँग जीटी, म्हणजे फोर्डची अमेरिकन मसल कार, द्यायला तयार आहेत. माझी गाडी आणि वर 14 लाख. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही 8 इंजिन, ताकद 401 पीएस. नागपूरला आले होते तेव्हा पाच मिनिटं चालवली. सुरू केली की आवाज आधी छातीत लागतो, मग कानाला. शिवाय मागे दोन सीट आहेत. मुलगी सात वर्षांची झाली, आणि आज ती आणि आजी दोघी मिळून माझ्या गाडीत बसूच शकत नाहीत.

गाडी कोणती चांगली ते विचारत नाही. देऊन टाकल्यावर काय वाटलं, ते सांगा.

तर्रीपोहा
2001 मध्ये आरएक्स 100 देऊन बुलेट घेतली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला अन् ब्रेक डाव्या पायाला. पहिले पंधरा दिवस ब्रेक मारायला गेलो की पाय गिअरवर पडे. आरएक्स म्हणजे 98 सीसी, वजन काहीच नाही, पोरासारखी पळायची. बुलेटवर बसलो अन् बायको म्हणते, आता तुमच्यासंग बोलता तर येते.

दोन वर्षांनी काटोल नाक्यावर माझीच आरएक्स दिसली, दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन. टाकीवरचा ओरखडा मीच पाडलेला, म्हणून ओळखली. थांबवून विचारलं. पोरगा म्हणाला, काका, रोज साठ किलोमीटर चालते, एकदाही दगा नाही दिला. सायलेन्सर साफ ठेवला होता त्यानं. घरी येऊन दोन दिवस मस्त झोप लागली बाप्पा.

सीताबर्डीकर
नको देऊ ताई. एवढंच.

हिंगणा_गॅरेज
भावनेचं नंतर बघू, आधी तपासायचं सांगतो. मी 22 वर्षं हेच काम करून राहिलो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 2317 असेल तर 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू द्या, आपल्याकडच्या 45 डिग्रीत उभ्या गाडीचं रबर कडक होतेच. 400 पीएसच्या मागच्या चाकांवर जुनं रबर म्हणजे पहिल्या पावसात गाडी आडवी. शौकाची गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. त्यात बॅटरी बसते, उंदीर वायर कुरतडतात. बॉनेटखाली टॉर्च मारून वायरिंग बोट फिरवत बघा, खाली लेंड्या दिसतात का बघा. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. लिफ्टवर चढवून पोट बघा, गतिरोधकाला घासलेल्या खुणा तिथं सापडतात.

तुमच्या स्वतःच्या गाडीचंही ऐका. 2011 ची म्हणजे 2026 मध्ये आरसीची, म्हणजे नोंदणीची, 15 वर्षं भरतात. मग फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, अन् दर पाच वर्षांनी नूतनीकरण. घेणाऱ्याला हे माहीत आहे का, अन् त्यानं भाव त्याच्यावरून लावला का, विचारा.

उंदीर_पीडित
उंदरांवर काही उपाय असेल तर कृपया सांगा. दोनदा वायरिंग बदललं. नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवून झाल्या, तंबाखू ठेवून झाला.

हिंगणा_गॅरेज
@उंदीर_पीडित गाडी रोज जागेवरून हलवा, रात्री बॉनेट उघडं ठेवा. उजेडात ते बसत नाहीत. कुत्र्याचं खाणं पार्किंगजवळ ठेवत असाल तर आधी ते उचला.

जुनी_गाडी_मित्र
कॉन्टेसाचं नाव निघालं म्हणून आलो. 1984 ते 2002 बनायची. साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, एवढ्या मोठ्या देहाला ते फार कमी पडायचं. नंतर इसुझूचं 1.8 आलं, पाच गिअर आले, तेव्हा गाडीला जीव आला. तुमच्या काकांकडे कोणती होती?

मामाकडे सॅन स्टॉर्म होती. गोव्यात बनायची, फायबरची बॉडी, दोन सीट, रेनॉचं छोटं इंजिन. ती देऊन त्यांनी 1.8 कॉन्टेसा घेतली. म्हणजे तुमच्यासारखाच सौदा, त्या काळातला. मामी सांगते, स्टॉर्ममध्ये मामा गाणं म्हणायचे, कॉन्टेसात गप्प बसून चालवायचे. पण घरातले सगळे एकत्र फिरायला निघाले ते कॉन्टेसा आल्यावरच. मामा गेले. कॉन्टेसा अजून आहे, दर पोळ्याला बैलांसोबत तिलाही हार घालतो.

पाचगावची_सून
पोळ्याचं वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे बाबा ट्रॅक्टरला घालायचे.

व्ही८_वेडा
एक बारीक दुरुस्ती, रागावू नका. मस्टँगला जाणकार पोनी कार म्हणतात. मसल कार म्हणजे घरगुती मध्यम गाडीच्या अंगात दांडगं इंजिन, 1964 च्या पाँटियाक जीटीओसारखं, 6.4 लिटर व्ही 8. मस्टँग त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. नाव काहीही द्या, स्वभाव तोच. तुमची दोन सीटर वळणावर खूश, ही सरळ रस्त्यावर. चिखलदऱ्याचा घाट चढायचा तर तुमचीच बरी. समृद्धीवर लांब जायचं तर मस्टँग. मर्यादा 120 ची आहे आणि ती पाळायचीच. 120 ला ते इंजिन अगदी निवांत चालतं, तेच खरं सुख आहे.

फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. मस्टँग तशीही बाहेरूनच यायची. सुट्या भागांचं कसं जमवता, ते त्या गृहस्थांकडून बिलं मागून समजून घ्या.

एनओसी_अनुभवी
गाडीच्या बदल्यात गाडी, तरी कागद दोन विक्रीचे, हे लक्षात ठेवा. मी 2014 मध्ये मित्राच्या ओळखीतल्या माणसाशी अशीच अदलाबदल केली. चहा घेतला, किल्ल्या बदलल्या, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ठेवल्या. त्याच्या गाडीचे कागद माझ्या नावावर आले, माझी गाडी त्यानं नाव न बदलता तशीच पुढे विकली. आठ महिन्यांनी अपघाताची नोटीस माझ्या घरी. आई दारात उभी राहून थरथरत होती. सुटायला दोन वर्षं लागली.

रायपूरची गाडी म्हणजे फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा. बाहेरून आलेल्या गाडीवर तो मोठा असतो, 14 लाखांत धरू नका. गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायचा फॉर्म 35. इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करून घ्या. दोन्ही गाड्यांची नावं बदलेपर्यंत 14 पैकी थोडे लाख हातात राखा.

सीताबर्डीकर
@एनओसी_अनुभवी आईंची तब्येत आता कशी आहे?

एनओसी_अनुभवी
बरी आहे दादा. विचारलंत, बरं वाटलं.

रामटेकची_लेक
डब्यात काय असायचं ते सांगा ना. मी गडाच्या पायथ्याशीच वाढले. रविवारी नागपूरच्या गाड्या यायच्या, आम्ही पोरं नंबर वाचत बसायचो. तुमची मरून गाडी पाहिली असेल मी.

(धागाकर्ती)
@रामटेकची_लेक पोळी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि संत्री, मोसमात असली तर. साली काका खिडकीबाहेर टाकू द्यायचे नाहीत, सगळ्या डब्यात परत. @जुनी_गाडी_मित्र 1.8 होती, आत्ताच काकांना विचारलं.

सगळ्यांचं वाचलं. एनओसीचं वाचून सरळ वकिलांना फोन केला.

काल ते गृहस्थ परत आले होते. या वेळी काकांना बोलावलं. 78 वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. माझ्या दोन सीटरमध्ये ते कधी बसलेच नाहीत, एकदा प्रयत्न केला तेव्हा दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं होतं. मस्टँगही खालीच आहे, पण दार लांब उघडतं. आधी बसले, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. मागे मुलगी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती घरीच थांबली, गच्चीवरून बघत होती.

वर्धा रोडनं विमानतळापर्यंत गेलो. काका काही बोलले नाहीत. समोरच्या लांब बॉनेटकडे बघत होते. परत येताना अजनी चौकात थांबलो तेव्हा म्हणाले, त्या गाडीचं बॉनेट असंच दिसायचं, टोक कुठे संपतं ते कळायचं नाही. मग म्हणाले, तेव्हा तुझ्या फीसाठी पैसे हवे होते, डिझेल गाडी स्वस्तात चालायची, म्हणून दिली. मला हे माहीतच नव्हतं. 22 वर्षं माहीत नव्हतं.

मुलगी मागून विचारत होती, आजोबा का रडतात.

घेणार आहे. माझ्या गाडीचा शेवटचा फेरा बाजारगावला परवा पहाटे, छत उघडून. रायपूरच्या गृहस्थांना सांगितलंय, ती कुठे कशी आहे ते अधूनमधून कळवत जा. ते हो म्हणाले.

तर्रीपोहा
काकांना नमस्कार सांगा. दुधाच्या कॅन लावल्या तरी फोटो मागवा.

हिंगणा_गॅरेज
टायरचे आकडे पाहिले का?

(धागाकर्ती)
पाहिले. पुढचे 2021 चे, मागचे दोन्ही 2017 चे. बदलायचे ठरलंय, अर्धे पैसे ते देणार.

हिंगणा_गॅरेज
मग बदलेपर्यंत पावसात काढू नका. पुढचे पण घेऊन या, पाहून देतो. पैसे नको.