मदत हवी आहे: धक्क्यावरच्या लाइटने रात्री होडीवाल्यांचे डोळे दिपतात, काय बदलू?

नमस्कार मंडळी.

देवबागला कर्ली खाडीच्या अंगाला आमचं घर आणि चार खोल्यांचं होमस्टे आहे. माडांतून खाली उतरलं की आमचा छोटा धक्का, जांभ्याचा, पुढे पाण्यात सिमेंटच्या सहा पायऱ्या. मागच्या दिवाळीत सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी एक पाहुणा तिथे घसरला, गुडघ्याला टाके पडले. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी १०० वॅटचा पांढरा एलईडी फ्लडलाइट आणून माडावर चढवला. (माडाला खिळे मारले म्हणून आईने आठवडाभर ऐकवलं ते वेगळंच.) पाहुण्यांना फोटो काढायला आवडतं म्हणून कठड्याला हिरवी एलईडी पट्टीही लावली.

शेजारचे आबा आयुष्यभर याच खाडीत जाळी टाकत आले. ते दोनदा येऊन सांगून गेले, "तुझो लाइट बंद कर रे, माका फुडचा कायच दिसना नाय." मला वाटायचं, उजेड जास्त तर दिसायला बरंच ना? शेवटी अमावास्येला त्यांनी मला होडीत घातलं.

खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडून आत येईपर्यंत चांदण्यांच्या उजेडात सगळं दिसत होतं. माडांची काळी रांग, रेतीच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटेची पांढरी रेघ, सगळं. मग माझा लाइट समोर आला. पाण्यावरून त्याचा पांढरा पट्टा सरळ होडीच्या नाळेपर्यंत (पुढच्या टोकापर्यंत) आला आणि बाकीची खाडी पुसली गेली. आबांनी इंजिन बारीक केलं, कपाळाला तळहात लावला. जाळ्याचा एक बांबूचा खुंट होडीला खरवडून गेला तेव्हाच कळला. लाइट मागे पडल्यावरही बराच वेळ मला काही उमगत नव्हतं.

तर प्रश्न असे. पाहुणा पडू नये आणि होडीवालाही आंधळा होऊ नये, असा लाइट कुठला? सेन्सरवाला घेऊ का? की सगळंच बंद करून हातात टॉर्च देऊ?

प्रतिसाद १

आधी ती हिरवी पट्टी उतरव, आज रात्रीच. जहाजावर नोकरी केली आहे म्हणून सांगतो. होडीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. समोरून येणारा त्यावरूनच ताडतो की ही होडी कुठल्या बाजूने चालली आहे. काठावर एकटा हिरवा दिसला तर अंधारात तो होडी समजून वाट बदलू शकतो. शिवाय आपल्याकडे समुद्रातून आत येताना डाव्या हाताच्या खुणा लाल आणि उजव्या हाताच्या हिरव्या असतात. देवबाग डाव्या हाताला येतं, म्हणजे तुझी पट्टी रंगानेही उलटी.

डोळ्यांचं म्हणशील तर अंधाराला पुरते सरावायला त्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि ते मोडायला एक झगझगीत दिवा पुरतो. तू लाइट मागे टाकलास तरी आंधळाच राहिलास तो त्यामुळे. होडीवरही दुसऱ्या दिव्यांशी घोटाळा होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा दिवा लावायचा नाही, हा समुद्रातली टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला २० वा नियम. काठावरून नावाड्याला चकवणाऱ्या खोट्या दिव्यासाठी जुन्या दंडसंहितेत २८१ कलम होतं. तिथे हेतू किंवा जाणीव लागते. आता आबांनी तुला सांगून झालंय, तेव्हा जाणीव नव्हती असं म्हणू नकोस. :)

प्रतिसाद २

तुमचा पाहुणा अंधारामुळे पडला की शेवाळामुळे? मला शेवाळ वाटतं. आधी ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने पायऱ्या घासा, पायरीच्या कडेला चुना ओढा. चुना अर्ध्या उजेडातही दिसतो.

लाइट माडावरून काढून गुडघ्याच्या उंचीवर आणा, तोंड खाली, वर झाकण. ५-७ वॅट पुष्कळ झाले. रंग पिवळा घ्या, २७०० केल्विन (खोक्यावर लिहिलेलं रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) किंवा त्याहून कमी. पांढऱ्यात निळा भाग जास्त असतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळाच सगळ्यात जास्त खुपतो. सेन्सर पाण्याकडे तोंड करून लावू नका. होडी जाताना एकदम पेटला तर कायमच्या लाइटपेक्षा वाईट. लावायचाच तर बागेच्या बाजूला, पायवाटेवर.

कासवांचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. समुद्राच्या अंगाला घर असतं तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अजून एक भानगड. वाळूतून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, म्हणजे पाण्याऐवजी तुमच्या लाइटकडे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हिरवी पट्टी त्याच रात्री काढली. फ्लडलाइटही उतरवला. नवीन दिवे येईपर्यंत तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून जुन्या पिवळ्या बल्बवर उपडा बांधला आणि पायरीच्या बाजूला ठेवला. काल आबांबरोबर परत संगमापर्यंत जाऊन आलो. खाडीतून बल्ब दिसतच नाही, फक्त पायऱ्यांवर फिकट पिवळा डाग. खुंट चांगला दहा-बारा हात आधी दिसला. आबा काही बोलले नाहीत, पण इंजिन बारीक केलं नाही.

शेवाळाबद्दल तुमचं बरोबर निघालं. घासल्यावर पायरीवर अनवाणीही पाय सरकत नाही.

आता एकच अडचण. आमच्यापुढे तीन घरं सोडून एकाने माझं बघूनच तसलाच फ्लडलाइट लावलाय, तोही पाण्याकडे तोंड करून. आबा म्हणतात, तू शिकवलंस, आता तूच सांग. कसं सांगू?