भाजल्यानंतर वाया गेलेला वेळ : आपले अनुभव लिहा

भाजलेल्या माणसाला रुग्णालयात न्यायला उशीर झाला, तर पुढे काय काय सोसावे लागते, हे ज्यांनी स्वतः किंवा घरात पाहिले आहे त्यांनी येथे लिहावे. सुरुवात मीच करते.

माझ्या मुलाने दीड वर्षाचा असताना उकळत्या चहाचे पातेले अंगावर ओढले आणि उजवा हात तळव्यासकट भाजला. सासूबाईंनी मायेपोटी हळद-तेलाचा लेप लावला, आणि फोड बसले की बरे वाटेल, असे आम्ही सगळेच धरून चाललो. पाचव्या दिवशी ताप चढला तेव्हा दवाखाना गाठला. हळदीच्या पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे हेच डॉक्टरांना कळेना. तो थर काढताना पोराने फोडलेला टाहो अजून कानात आहे. जंतुसंसर्गाने जखम चिघळली, महिनाभर भरली नाही, आणि भरली तेव्हा कातडी आखडून करंगळी व अनामिका आत वळल्या. मूल वाढते, व्रणाची कातडी तशी वाढत नाही, म्हणून त्वचारोपणानंतरही दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. आज नऊ वर्षांचा आहे. नमस्कार करताना त्याचे दोन्ही तळवे एकमेकांना टेकत नाहीत.

*

मी जळित विभागात परिचारिका आहे. साठ किलोचा माणूस तीस टक्के भाजला, तर नेहमीच्या हिशेबाने पहिल्या २४ तासांत सुमारे ७ लिटर सलाईन लागते आणि त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजतात, दाखल झाल्यापासून नव्हे. पाच तास घालवून आलेल्याच्या वाट्याला तीनच उरतात, आणि तेवढ्यात मूत्रपिंडे थकलेली असतात. पोलीस केस होईल या भीतीने कित्येक घरे थांबतात. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे, हे कृपया आपल्या माणसांना सांगा.

*

करंज्या तळताना पुतणीच्या मनगटावर तेल उडाले. वहिनीने बांगड्या काढून हात वीस मिनिटे नळाखाली धरला, बर्फ किंवा टूथपेस्ट काहीही लावू दिले नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे नेले. बारा दिवसांत जखम भरली.

*

गॅसचा भडका उडाला तेव्हा आई बंद स्वयंपाकघरात होती. चेहरा आणि छाती भाजली होती, पण रिक्षात ती नीट बोलत होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पहिल्या दोन ठिकाणी भाजलेल्यांची सोय नाही म्हणून परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणाहून निघताना तिचा आवाज घोगरा झाला. धुराने आणि उष्णतेने श्वासनलिकेला आतून सूज येत असल्याची ती खूण होती, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. तिसऱ्या रुग्णालयात नळी घालताना डॉक्टरांना फार झगडावे लागले. नवव्या दिवशी ती गेली. १०८ ला फोन केला असता तर वाटेतच प्राणवायू सुरू झाला असता, आणि सोय असलेल्या ठिकाणी तिला थेट नेता आले असते.