मदत हवी आहे: लुथुलींच्या ‘चीफ’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

आठवी-नववीच्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले नेते अल्बर्ट लुथुली यांचं छोटं चरित्र लिहितेय, शाळेच्या वाचनालयात ठेवायला. मंडेला मुलांना माहीत आहेत, लुथुलींचं नाव मात्र एकानेही ऐकलेलं नाही. अर्ध्याहून अधिक लिहून झालं आणि एका शब्दापाशी अडलेय: चीफ, म्हणजे त्यांचं गावचं पद.

‘राजा’ तर चूकच. तिथल्या नाताळ प्रांतातलं ग्राउटव्हिल हे उसाच्या पट्ट्यातलं मिशनचं गाव, तिथला चीफ लोक निवडून देत. लुथुली ॲडम्स कॉलेजात शिकवायचे. गावकऱ्यांनी फार गळ घातली तेव्हा १९३६ मध्ये ते कमी पगारावर गावी परतले. तंटे मिटवायचे, लहानसहान खटले ऐकायचे, ऊस पिकवणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांची संघटनाही त्यांनी पुन्हा उभी केली. हे लिहिताना डोळ्यांपुढे पाटीलच येतो. पण पाटीलकी वतनाची, बापाकडून मुलाकडे जाणारी. माझ्या आजोळी होती, त्यामुळे तो फरक मला सोडून देववत नाही. ‘सरदार’ म्हटलं की घोडा नि तलवार. ‘टोळीप्रमुख’ तर मी लिहिणारच नाही. टोळी आपल्याकडे दरोडेखोरांची, नाहीतर ऊसतोडीची.

खरा पेच १९५२ चा आहे. अन्यायी कायदे मोडून तुरुंगात जायची मोहीम सुरू होती, लुथुली तिच्यात होते. सरकारने बजावलं, चीफपद ठेवा किंवा आफ्रिकन नॅशनल काँग्रेस (काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना). त्यांनी यातलं काहीही सोडायला नकार दिला. नोव्हेंबरात सरकारने त्यांना पदावरून काढलं, डिसेंबरात काँग्रेसने अध्यक्ष केलं. तेव्हाच्या निवेदनात ते म्हणतात की चीफ हा आधी आपल्या लोकांचा सेवक, त्यांचा आवाज. सरकारच्या लेखी तो सरकारचा माणूस. सगळं भांडण या एका शब्दाच्या अर्थावरून! म्हणून दोन्ही बाजू पेलणारा शब्द हवाय. पद गेल्यावरही लोक त्यांना शेवटपर्यंत चीफच म्हणत राहिले. १९६० चं नोबेल शांतता पारितोषिक १९६१ मध्ये ऑस्लोत घेतलं (हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी), तेव्हाही ते चीफ लुथुलीच होते.

लुथुलींच्या झुलू भाषेतला चीफसाठीचा शब्द ‘इन्कोसी’ तसाच ठेवावा, तर तो राजालाही लागतो.

कोकण, गोवा, खानदेश, विदर्भातल्या मंडळींना विचारते: गावाने एकमताने पुढे केलेला, न्यायनिवाडा करणारा माणूस, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आदिवासी भागातला शब्द असला तरी चालेल, उलट आवडेल.

आणखी एक. १९३८ मध्ये लुथुली मद्रासजवळ तांबरमला मिशनरी परिषदेसाठी आले होते. ग्राउटव्हिल आणि ॲडम्स कॉलेज ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं, त्याच बोर्डाचं काम आपल्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन म्हणून चालायचं. त्यामुळे या मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकामध्ये या परिषदेबद्दल काही छापून आलं असेल का, हे बघायचं आहे. १९३८-३९ चे अंक कुणाकडे किंवा कुठल्या ग्रंथालयात असतील? चाळायला मी स्वतः येईन, फक्त ठिकाण सांगा.