कॅमेऱ्याआधी आवाज

निपाणीच्या मित्रा, कॉलेजच्या लघुपटासाठी पैसे साठवून आधी चांगला कॅमेरा घ्यावा का, असं तू विचारलंयस. माझं मत, नको. फोन पुरतो, आधी आवाजाकडे बघ.

गेल्या वर्षी आम्ही वडगावात एका विणकर मावशींची मुलाखत घेतली. चित्र सुरेख आलं, पण यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं एक वाक्य धड ऐकू येईना. दुसऱ्या खेपेला जेवणाच्या सुट्टीत गेलो, माग बंद. वायरचा छोटा माइक गळ्यापासून वीतभर खाली, पदराच्या काठाला लावला, तो जोडलेला दुसरा फोन त्यांच्या मांडीवर. सुरुवातीला एक टाळी वाजवली आणि एडिटिंगला त्या टाळीवर चित्र-आवाज जुळवले. मावशी मराठीत बोलता बोलता मधेच कानडीत शिरतात, तेसुद्धा स्वच्छ आलं. सगळी गोडी त्यातच आहे!

एक अडचण मात्र आली. लांब शॉटमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडायला लागला. बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, कमीजास्त करत रेकॉर्ड करतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट' निवडून फाइल बदलून घे, मगच एडिटिंगला बस. त्यासाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली.

ट्यूबलाइटखाली चित्र लपलपलं तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची. बेळगावला आलास की माझा माइक घेऊन जा, शूट झालं की परत दे.