मदत हवी आहे: आयबी इकॉनॉमिक्सच्या कॉमेंटरीसाठी बातम्या

नमस्कार मंडळी. पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या मुलांना इकॉनॉमिक्स शिकवते. आयएसाठी (इंटर्नल असेसमेंट, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन) प्रत्येकाच्या तीन कॉमेंटरी, म्हणजे एकेका बातमीचं अर्थशास्त्रीय विश्लेषण, प्रत्येकी ८०० शब्दांच्या आत, अभ्यासक्रमातल्या तीन वेगळ्या युनिटवर. बातमी मात्र गेल्या वर्षभरातलीच लागते, आणि तिथेच घोडं अडलंय. निम्म्या वर्गाला लासलगावचा कांदाच हवा! पण डिसेंबर २०२३ची निर्यातबंदी आता शिळी झाली, शिवाय ती ग्लोबल इकॉनॉमीच्या युनिटमध्ये जाते. मला मायक्रोच्या युनिटसाठी हवंय: उसाची एफआरपी (कारखान्यांनी द्यायचा किमान दर), सोयाबीनचा हमीभाव, म्हणजे प्राइस फ्लोअरची (सरकारने ठरवलेल्या किमान किमतीची) आकृती नीट काढता येईल. हमीभावाखाली बाजारात सर्रास विक्री होते, मग त्याला फ्लोअर म्हणायचं का, असं एका मुलीने विचारलं, मी निरुत्तर. तुम्ही हे कसं समजावता? एखादी छोटी, ताजी बातमी सुचवाल का?